नर सापडला

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टला, ग्रामसभेत, झेंडावंदनाची जिलेबी वाटून झाली होती आणि चहा यायचा होता तेव्हा. तारीख-वेळ मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण आमच्या गावात अशा गोष्टी "तसं काई झालंच न्हाई" म्हणून मिटवल्या जातात. झालं. मी शेजारीच बसले होते.

आमचं गाव केज तालुक्यातलं, धरणाच्या काठावर. धरण भरलं तेव्हा जुनं शिवार पाण्याखाली गेलं आणि एका टेकडीचा माथा तेवढा वर राहिला. त्यालाच आम्ही बेट म्हणतो. काठावरच्या माळावर शेळ्यांनी आणि कुऱ्हाडींनी काही शिल्लक ठेवलेलं नाही, पण बेटावर शेळी पोचत नाही. म्हणून तिथं मुरडशेंगेची झुडपं माणसाच्या डोक्यावर गेलीत. तान्ह्या लेकराच्या गुटीत उगाळतात तीच ही पीळदार शेंग. बेटावर जायचं म्हणजे थर्माकोल बांधून केलेल्या चप्पूवरून, तेही वारा पडलेला असेल आणि मासे धरणाऱ्या मामांची मर्जी असेल तेव्हाच.

अक्का बीडच्या एका कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असला की नोकरी आहे, सुट्टी लागली की नाही. सुट्टीत ती तुडतुडे गोळा करते. कापूस लावणाऱ्या कुणालाही तुडतुडा सांगावा लागत नाही: पानाखाली बसून रस पिणारा, बोट लावलं की तिरका पळणारा. बेटावरच्या मुरडशेंगेवर अक्काला एक निराळाच दिसला. भाताच्या दाण्याहून बारीक, परळीच्या वीजकेंद्राच्या राखेसारखा करडा, कपाळावर दोन काळे ठिपके. तिनं फोटो पुण्यातल्या एका जाणकार सरांना पाठवले. सर म्हणाले, असा कुठं नोंदलेला दिसत नाही, पण नर पाठवा.

इथं घोडं अडलं. या तुडतुड्यांची जात मादीवरून पक्की सांगता येत नाही. नराच्या पोटाच्या टोकाला, आतल्या बाजूला, काट्यासारखा एक भाग असतो आणि तो जातीगणिक वेगळा. तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, त्याचं चित्र काढायचं, मग जगाला सांगायचं की हा नवा आहे. अक्काला मिळत होत्या त्या सगळ्या माद्या. ज्या जिल्ह्यानं पोरी पोटातच संपवून देशभर नाव काढलं, त्याच जिल्ह्यात एका जीवाच्या पोरीच पोरी निघाल्या आणि नर मिळेना. मी बालविवाहाविरुद्ध पत्रकं वाटत गावोगाव फिरणारी. मला याचं लई हसू यायचं. ग्रामसभेपर्यंत.

त्या दिवशीचा ठराव असा होता: बेट साफ करायचं, बाकडी टाकायची, फोटो काढायला रंगीत अक्षरं उभी करायची आणि त्याला पर्यटन म्हणायचं. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला जायच्या आत, म्हणजे कोयते गावात आहेत तोवरच झुडपं तोडून घ्यायची. अक्का उभी राहिली. म्हणाली, "माझं काम होईपर्यंत थांबा. झुडपं गेली तर हा किडा जाईल. मला अजून नर सापडलेला नाही."

गावचे पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते खुर्चीतून न उठता बोलले, "बाई, आदी सोताला नर बघ. किड्याचं मागून बघू."

सगळी सभा हसली. मास्तर हसले, ग्रामसेवक हसले, दाराशी उभा असलेला चहावाला हसला. त्या हसण्यातच भाऊ म्हणाले, "मंजूर असंल तर हात वर करा." हात वर झाले. आमच्या वडलांचा, आबांचाही झाला. खांद्यापर्यंतच, पण वर. अक्कानं ते पाहिलं.

घरी आल्यावर मीच म्हणाले, "आबा, हात दुखत असंल."

आबा म्हशीला वैरण टाकत होते. मान वर न करता म्हणाले, "दूध भाऊच्या डेअरीला जातंय आपलं. कावून समजून घेत न्हाईस?"

समजलं होतं. समजलं म्हणूनच राग होता.

अक्का मात्र रागवायला थांबली नाही. मिळेल त्या सकाळी ती बेटावर जायला लागली आणि मी तिच्या मागं. पांढरी छत्री उलटी धरायची, वरच्या फांदीवर काठी मारायची, छत्रीत पडतील ते तुडतुडे टिपायचे. टिपायला एक बाटली असते, तिला दोन नळ्या. एक किड्यावर धरायची, दुसरीतून तोंडानं हवा ओढायची. मध्ये जाळी असते, म्हणून किडा घशात जात नाही. मामा चप्पूवरून ओरडायचे, "अक्का, हुक्का पेटला का न्हाई अजून?" तिकडं हुक्का आणि इकडं माद्या, रोज तेच.

शेवटी अक्का म्हणाली, "मोठे धरण्यात अर्थ नाही. पिलं घरी नेऊन वाढवू. कधीतरी एक पोरगा निघंल की."

आम्ही मुरडशेंगेचं एक लहान झुडूप मातीसकट उकरून तेलाच्या डब्यात लावलं, त्यावर बिनपंखांची पिलं सोडली आणि वरून मच्छरदाणी बांधली. डबा गोठ्याच्या सावलीत ठेवला. शेजारच्या काकू डोकावून गेल्या. "पाळणा बांदलाय व्हय? चांगलंय. लग्नाच्या आदीच बारसं."

मग एका सकाळी मी अंगणात आले तर आबा फवारणीचा पंप पाठीवर घेऊन डब्यासमोर उभे. मच्छरदाणीची एक बाजू सोडलेली. नळी हातात.

"आबा, काय करताय?"

"पानं आकसायलीत. तुडतुडे लई झालेत ह्याच्यावर. जरा औषध मारतो, झाड तरी जगंल पोरीचं."

मी त्यांच्या आणि डब्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. "आबा, झाड जगवायचं न्हाई. तुडतुडे जगवायचेत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पानांकडं. उभ्या जन्मात या किड्याशी त्यांचा एवढाच संबंध आला होता, पंप पाठीला लावून. ते मनापासून मदत करायला आले होते, आणि त्या एका दाबानं सगळं संपलं असतं.

आबांनी पंप खाली ठेवला. मच्छरदाणीची सुटलेली बाजू परत बांधली. मग विचारलं, "ह्यांना चारा काय लागतो मग?"

"हेच झाड. पण हिरवं, जितं."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मामांबरोबर बेटावर गेले आणि अजून एक झुडूप मुळासकट घेऊन आले. जनावरं सांभाळणारा माणूस. भुकेलं काय असतं ते त्यांना सांगावं लागत नाही. त्यानंतर डब्यांना पाणी आबाच घालायचे, आणि पाहुण्यांना सांगायचे, "ह्यांना औषध मारायचं नसतंय."

पिलांनी काती टाकल्या, पंख फुटले. त्यात एक जरा बारका, जरा काळपट निघाला. अक्का त्याला बाटलीत घालून बीडला गेली. दुपारी फोन आला.

"सापडला."

"कोण?"

"नवरदेव," म्हणाली, आणि मग आम्ही दोघी फोनवर नुसत्या हसत राहिलो.

आता पाळी माझी होती. मी केजच्या छापखान्यात गेले आणि पत्रक काढलं. मोठ्या अक्षरात "नर सापडला". खाली फक्त "दोन ऑक्टोबर, ग्रामसभा, सर्वांनी यावे". छापखानेवाले म्हणाले, "ताई, मुलीचं नाव टाकायचं राह्यलं की."

"तसंच छापा."

ग्रामसभेला एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. बाया आल्या, म्हाताऱ्या आल्या, अक्काचं लग्न जमलं म्हणून अर्ध्याजणी साखर घेऊन आल्या. अक्कानं भिंतीवर दोन कागद लावले: एक नराचा फोटो, दुसरं त्या काट्याचं तिनं काढलेलं चित्र.

"भाऊ, तुम्ही म्हणला होता आधी नर बघ. बघितला. हा बघा."

मागून एक म्हातारी खुदकन हसली आणि सगळ्या बाया हसत सुटल्या. या वेळी हसणं खुर्चीकडं तोंड करून होतं.

भाऊंनी चष्मा लावून फोटो पाहिला. "म्हंजी ह्यो जगात फकस्त आपल्याच गावात हाय?"

"आतापर्यंत तरी आपल्याच बेटावर सापडलाय."

भाऊंच्या चेहऱ्यावर हिशेब उमटताना मला दिसला. अक्का सभेकडं वळली. "बेट तोडायचं नाही. मंजूर असेल तर हात वर करा."

पहिला हात आबांचा होता. पूर्ण वर, कोपर सरळ. त्यांच्यामागं सगळे. भाऊंचाही.

या उन्हाळ्यात शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव अक्काचं, दुसरं सरांचं. किड्याच्या नावाचा शेवटचा शब्द आहे "बीडेन्सिस", म्हणजे बीडचा. अक्कानं मला सांगितलं, लॅटिनमध्ये या शेवटाला नर-मादी असा फरक नसतो, दोघांना एकच. मी म्हणाले, मग नाव बरोबर आहे. तेलाच्या डब्यात निघालेला आमचा नवरदेव आता एका मोठ्या संग्रहालयात टाचणीवर आहे, आणि त्याच्या चिठ्ठीवर आमच्या गावाचं नाव आहे, जिल्ह्याचं आहे, अक्काचं आहे.

गावात फ्लेक्स लागला. त्यावर भाऊंचा फोटो सगळ्यात मोठा, अक्काचा पासपोर्ट एवढा, आणि किडा मोबाइलवरून उचललेला, हिरवा, कापसावरचा. बेट मात्र उभं आहे.

तुमच्या गावातही माळ, गायरान, टेकडी साफ करायचा ठराव येईल. चहाच्या आधी येईल, हसण्यात येईल. तेव्हा उभं राहून विचारा, तिथं काय काय राहतं ते कुणी जाऊन बघितलंय का. उत्तर मिळेपर्यंत हात खाली ठेवा.