विभूतीने घासलेला रुपया

२००६, दिवाळीनंतरचा रविवार. काम – मामंजींची जुनी नाणी निवडणं. ग्रेडिंगला कुठली पाठवायची, कुठली नाही.

त्या दिवशीची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते.

हे काम मामंजींनी मुलाला नाही, मला दिलं. रेल्वेतून निवृत्त झालेला हट्टी माणूस, पण माझ्या नजरेवर विश्वास. का नसावा? चेन्नईत गिंडीच्या कारखान्यात सुटे भाग तपासून पास-नापास करणं हीच माझी नोकरी. नाणं परदेशी तज्ज्ञांकडे पाठवायचं, त्यांनी दर्जा ठरवून सीलबंद डबीत घालून द्यायचं – साध्या रुपयाला हा खर्च परवडत नाही. म्हणून इंग्रजी अमदानीतल्या रुपयावरच्या राजाचा कान झिजलेला – बाजूला. कडेला ठोका – बाजूला. वेस्ट मांबलमच्या आमच्या गॅलरीत, उन्हात बसून मी भराभर निकाल लावले. त्यातला एकही आज मागे घेणार नाही.

राहिला एक. मामंजींचा सर्वांत लाडका, त्यांच्या वडिलांनी दिलेला. त्याच्यासाठीच तर सगळा घाट. भिंग लावलं – एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे. मूळची झळाळी संपलेली. असं नाणं दर्जाविना परत येतं.

“घासलाय हा,” मी बोलून गेले.

“घासला? कुणी गं?” शेजारी बसलेल्या मामंजींनी विचारलं.

कुणी? – मीच. काही वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाला तो डब्यातून काढला होता. काळपट रुपया देवीपुढे ठेवायचा कसा? शेजारच्या मामींनी चांदीला विभूती लावायला सांगितली. विभूती आणि जुना टूथब्रश – असा लखलखवला की कुंकवाला आलेल्या बायका बघत राहिल्या. काय ताठ झाली होती माझी मान! मामंजी ड्युटीवर होते. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “ह्यांच्या नाण्यांना हात लावू नये गं.” पूजा झाल्यावर त्यांनीच तो गुपचूप जागेवर ठेवला. माझं नाव कधी घेतलं नाही. पुढे मामंजींना मोतीबिंदू झाला. त्यांच्या काही लक्षात आलं नाही.

“सासूबाईंनी घासला असेल,” मी म्हणाले.

त्या जाऊन वर्ष झालं होतं.

का म्हणाले? मामंजी मला काय करणार होते – काही नाही. माझी नजर, माझा हात, दोन्हींचा मला गर्व होता. त्याला डाग नको होता. गर्व तर अजूनही आहे.

मामंजींनी रुपया हातात घेऊन उलटसुलट केला. मग म्हणाले, “सगळा जन्म माझ्याबरोबर काढला हिने. एवढंही कळू नये?” आणि मला – “तू होतीस म्हणून समजलं, सुमन.”

ती शाबासकी मी घेतली. पुढे मामंजी गेले, ते हेच मनात धरून.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फुलवालीने कडीला अडकवलेली मोगऱ्याची पुडी तशीच लटकत होती. सासूबाईंच्या फोटोला रोज मामंजीच सर घालत. त्या दिवशी ते पेपर उघडून बसले, उठले नाहीत. मी सर फोटोला घातला, जेवणाचा डबा उचलला आणि गिंडीची गाडी पकडली.