तिसऱ्या रांगेतली आजी

विद्यापीठात सगळे तिला पाठीमागे गर्दीबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. नाव तसं चुकीचंही नव्हतं. एका वेळी आठ-दहा हजार माणसं उपासनेला बसतात अशी प्रोटेस्टंट पंथाची अवाढव्य चर्च, हा तिच्या अभ्यासाचा विषय. त्यावर तिची तीन जाडजूड पुस्तकं निघाली होती आणि चौथं लिहायला घेतलं होतं. गंमत अशी, की खुद्द गर्दीबाईलाच गर्दीचं वावडं. किराणा दुकानात चार माणसं दिसली की ही साखर न घेताच परत. लिफ्टमध्ये दोघं आधीच उभे असले की हिला एकदम जिने चढण्याच्या व्यायामाचं महत्त्व पटायचं.

या विषयात तिला एकच मोठी अडचण होती, ती म्हणजे स्वागत. असल्या चर्चच्या दारात एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले स्वयंसेवक उभे असतात आणि नवीन माणूस त्यांना बरोबर ओळखू येतो. एकदा का त्यांनी तुम्हाला हेरलं, की सुटका नाही. नाव काय, राहता कुठं, कॉफी घेणार का, आणि शेवटी हातात एक मग. मगावर छापलेलं असतं, ‘पहिल्यांदा आलात? फार बरं झालं.’ वीस-बावीस वर्षांच्या संशोधनात तिच्या स्वयंपाकघरातलं एक अख्खं कपाट या मगांनी भरलं होतं.

‘‘एवढ्या ठिकाणी पहिल्यांदा गेलीस,’’ तिची आई कपाटाचं दार जोर लावून बंद करत म्हणायची, ‘‘आता एकदा कुठंतरी दुसऱ्यांदाही जा.’’

घरात या दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि गर्दीबाईनं लग्नाच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलं होतं, की ते राहूनच गेलं होतं, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांनी अधू आणि जिभेनं धडधाकट. तिचा अख्खा जन्म एका लहानशा चर्चमध्ये गेला होता. तिथं कुणी दोनदा शिंकलं तर पाळकसाहेब प्रवचन थांबवून ‘‘औषध घेताय ना?’’ असं विचारत. येणारी माणसं एकेक करून देवाघरी गेली आणि ते चर्च बंद पडलं. तेव्हापासून आई दर रविवारी चांगली साडी नेसून खिडकीत बसायची आणि साधारण प्रार्थना संपायच्या वेळेला उठून जेवायला वाढायची.

चौथ्या पुस्तकासाठी गर्दीबाईनं शहरातलं सगळ्यात मोठं चर्च निवडलं, आणि तिला एक नामी युक्ती सुचली. आईला बरोबर न्यायचं. म्हातारं माणूस दिसलं की सगळे स्वयंसेवक तिकडं धावतील आणि आपण निवांत वरच्या मजल्यावर मागच्या रांगेत जाऊन बसू.

‘‘ते चर्च आहे की विमानतळ?’’ आईनं फोटो बघून विचारलं.

‘‘तुला नुसतं बसायचंय. बोलायची गरज नाही.’’

‘‘बोलायचं नाही तर मग जायचं कशाला?’’ आई म्हणाली, पण साडी नेसायला उठली.

युक्ती कामी आली. जरा जास्तच आली. गाड्या लावायच्या जागेवर चमकणारं जाकीट घातलेला, हातात लाल दिव्याची कांडी घेतलेला एक धिप्पाड गडी उभा होता. आठवडाभर तो फ्रीज दुरुस्त करायचा आणि रविवारी गाड्यांना वाट दाखवायचा. त्यानं आईला बघितलं, कांडी दुसऱ्याच्या हातात दिली आणि आईला हाताला धरून आत घेऊन गेला. गर्दीबाई गाडी लावून आत पोचेतो आई तिसऱ्या रांगेत खांबाजवळ पाठीला उशी लावून बसली होती. उपासना संपली तेव्हा तिला त्या फ्रीजवाल्याच्या बायकोचं पथ्य, मोठ्या मुलीची नोकरी आणि धाकटीचं अभ्यासात लक्ष नसणं, एवढं सगळं ठाऊक झालं होतं. गर्दीबाईला त्या दिवशी एकूण उपस्थिती कळली. बाकी काही नाही.

तिची पद्धतच तशी होती. वर मागच्या रांगेत बसायचं, खिशातल्या मोजणीच्या यंत्राचं बटण दाबत राहायचं आणि कुणाशीही बोलायचं नाही. यालाच ती निरीक्षण म्हणायची. आई त्याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायची. एकदा तर हजारो माणसं डोळे मिटून स्तब्ध असताना ते बटण टिक टिक वाजत राहिलं, आणि आईनं तिसऱ्या रांगेतून मान वळवून वर बघितलं. कॅमेरावाल्यांचं आईवर फार प्रेम होतं, कारण ती प्रवचनात हसायच्या जागी हसायची आणि डोळे पुसायच्या जागी पुसायची. त्यामुळं ते वळून बघणंही समोरच्या भल्या मोठ्या पडद्यावर दिसलं. दोन मजली उंचीची आई डोळे वटारून वरच्या रांगेकडं बघत होती. गर्दीबाईनं यंत्र खिशातच सोडलं आणि हात मांडीवर ठेवले.

हळूहळू आईची ती वारी पक्की झाली. दर रविवारी चर्चची गाडी कोपऱ्यावर यायची, आई जायची आणि दुपारी बातम्या घेऊन परत यायची. गर्दीबाई मात्र पुस्तकाच्या मागं लागली होती.

त्या पुस्तकाचा सगळा डोलारा पाचव्या प्रकरणावर उभा होता. तिचं म्हणणं असं, की इतक्या मोठ्या चर्चमध्ये माणूस असून नसल्यासारखा असतो. तो आला काय नि न आला काय, कुणाला पत्ता लागत नाही. हे तिनं नुसतं म्हटलं नव्हतं, सिद्ध केलं होतं. इतर सहा मोठ्या चर्चमध्ये ती नेमानं गेली, मग लागोपाठ तीन रविवार जायचं मुद्दाम टाळलं आणि कुणी चौकशी करतं का याची वाट बघितली. एकाही ठिकाणाहून फोन आला नाही. प्रकाशन संस्थेतले संपादक या प्रयोगावर इतके खूश होते, की मुखपृष्ठावर एक रिकामी खुर्ची टाकायचं त्यांनी ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

‘‘तू तिथं कुणाला नाव सांगितलं होतंस?’’ आईनं जेवताना विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘फोन नंबर?’’

‘‘संशोधक असं काही देत नाही, आई.’’

‘‘मग त्यांनी फोन करायचा कुणाला? तू आलीयस हेच ज्यांना माहीत नाही, त्यांना तू आली नाहीस हे कसं कळणार?’’

गर्दीबाईनं भात कालवला. हा प्रश्न आजवर एकाही परिसंवादात कुणी विचारला नव्हता, आणि तो आईनं विचारला म्हणून तिला जास्तच झोंबला.

‘‘माझं घे ना पुस्तकात,’’ आई म्हणाली. ‘‘मला तिथं सगळे ओळखतात.’’

‘‘तुझं चालत नाही. जवळच्या माणसाची माहिती धरत नाहीत. त्यानं निष्कर्ष एका बाजूला झुकतो.’’

‘‘झुकू दे की थोडा. इतकी वर्षं ताठ राहून त्याचीही मान अवघडली असेल.’’

पुस्तक द्यायची तारीख जवळ आली तशी गर्दीबाई चिडचिडी झाली. शुक्रवारी तिनं आईला निक्षून सांगितलं, ‘‘रविवार संपेपर्यंत मला हाक मारू नकोस. घराला आग लागली तरी नको.’’

‘‘लागली तर शेजारी सांगतीलच,’’ आई म्हणाली आणि तिनं खरोखरच हाक मारली नाही.

रविवारी सकाळी गर्दीबाई लिहायला बसली. चर्चला जायच्या आधी आई दर रविवारी तिच्या बंद दाराशी चहाचा मग झाकून ठेवायची, तो आज नव्हता. ते तिच्या लगेच लक्षात आलं. विसरली वाटतं, असं मनात म्हणून ती थोडी रागावली, आणि मग स्वतःच जाऊन पाणी पिऊन आली. येता-जाता ती आईच्या दारावरून गेली. चहा नाही हे तिला कळलं, पण आई कुठं आहे हा विचार तिच्या मनाला शिवला नाही. हे इथं स्पष्टच सांगितलेलं बरं, कारण पुढं तिनं स्वतःही ते लपवलं नाही.

परत येऊन तिनं प्रकरणाचं शेवटचं वाक्य लिहिलं. ‘अशा चर्चमध्ये एखादी व्यक्ती आली नाही, तर ते कुणाच्याही लक्षात येत नाही.’ पूर्णविराम दिला आणि दाराची बेल वाजली.

दारात तो फ्रीजवाला उभा होता. चमकणारं जाकीट अजून अंगातच होतं. मागं त्याची बायको झाकणाचं भांडं घेऊन उभी होती.

‘‘आजी कशा आहेत?’’ त्यानं विचारलं.

‘‘आई चर्चला गेलीये,’’ गर्दीबाई म्हणाली. बावीस वर्षांच्या अनुभवाचा ठामपणा तिच्या आवाजात होता.

‘‘नाही आल्या त्या,’’ तो म्हणाला. ‘‘गाडी कोपऱ्यावर थांबून परत आली. तिसऱ्या रांगेत खांबापाशीही नव्हत्या. हिनं दोनदा बघितलं. म्हणून तर आलो.’’

गर्दीबाई वळली आणि आईच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. आई पांघरूण गळ्यापर्यंत ओढून पडली होती, तोंड तापानं लाल झालं होतं आणि उशाशी कालचा पाण्याचा तांब्या रिकामा होता.

‘‘आई, हाक नाही का मारायचीस?’’

‘‘तूच नको म्हणाली होतीस,’’ आई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर गर्दीबाईला सोसला असता.

त्यानंतर घराचा ताबा गर्दीबाईच्या हातातून गेला. फ्रीजवाल्यानं डॉक्टरांना फोन लावला. त्याच्या बायकोनं सूप गरम करायला घेतलं, आणि मीठ कुठल्या बरणीत आहे हे तिला विचारावं लागलं नाही. आईनं तिला केव्हातरी सगळं स्वयंपाकघर बोलता बोलता सांगून टाकलं होतं. गर्दीबाई मात्र थर्मामीटर शोधत तीन खण उपसत राहिली. ‘‘वरच्या खणात,’’ आत पडल्या पडल्या आईनं सांगितलं, तेव्हा सापडलं. डॉक्टर येऊन गेले. साधा ताप होता, पण या वयात अंगावर काढायचा नसतो, आणखी एक दिवस गेला असता तर भरती करावं लागलं असतं, असं ते म्हणाले. ते ऐकून गर्दीबाई स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली आणि तिला रडू फुटलं. तिथं कुणी बघणार नाही असं तिला वाटलं होतं.

फ्रीजवाल्याच्या बायकोनं बघितलं. तिनं कपाट उघडून हाताला लागला तो मग काढला, त्यात चहा ओतला आणि गर्दीबाईच्या हातात दिला. मगावर छापलं होतं, ‘पहिल्यांदा आलात? फार बरं झालं.’

‘‘ताई, तुम्हीच ना त्या लिहिणाऱ्या?’’ ती म्हणाली. ‘‘आजी सांगतात तुमच्याबद्दल. आमच्या चर्चच्या प्रार्थनेच्या गटात तुमच्यासाठी रोज प्रार्थना होते.’’

‘‘माझ्यासाठी? कशाबद्दल?’’

‘‘तुमचं कुणीतरी ओळखीचं व्हावं म्हणून.’’

गर्दीबाईनं चहा प्यायला. साखर बेताची होती, आणि ती बेताचीच लागते हेही आईनंच सांगितलेलं असणार.

सोमवारी तिनं संपादकांना फोन केला आणि पाचवं प्रकरण कोसळलंय असं सांगितलं.

‘‘अहो, एका आजीवरून?’’ ते म्हणाले. ‘‘मुखपृष्ठ तयार आहे. ती खुर्ची सुरेख आलीये.’’

‘‘खुर्ची असू द्या,’’ ती म्हणाली. ‘‘बसायला माणूस मी लिहून देते.’’

आई बरी होऊन टेबलाशी येऊन बसायला लागली तोवर प्रकरण पुन्हा लिहून झालं होतं. सहा चर्चमधला प्रयोग तिनं तसाच ठेवला होता, फक्त त्यातली बाई कुणाशीच बोलत नव्हती हेही लिहिलं होतं. शेवटी एक तळटीप होती. आजवर तिनं आपलं लिखाण आईला कधी वाचून दाखवलं नव्हतं. आज दाखवलं.

‘‘‘सातव्या चर्चमध्ये मात्र एक वृद्ध स्त्री एकाच रविवारी गैरहजर राहिली असता, दुपारच्या आत दोन जण तिच्या घरी आले. ती आजारी असल्याचं घरातल्यांना माहीत नव्हतं. त्या वेळी संशोधक शेजारच्याच खोलीत होती.’’’

आई काय म्हणते याची गर्दीबाई वाट बघत होती. इतकी वाट तिनं कुठल्या समीक्षकाची बघितली नव्हती.

‘‘चूक आहे,’’ आई म्हणाली.

‘‘काय चूक आहे?’’

‘‘शेजारच्या नाही, समोरच्या. शेजारच्या म्हटलं की मधे भिंत आली. आपल्या मधे भिंत कुठंय? दारासमोर दार आहे. माझं तर उघडंच असतं.’’

गर्दीबाईनं ‘शेजारच्याच’ खोडलं आणि वर ‘समोरच्याच’ लिहिलं. मग पेन हातात तसंच धरून तिनं विचारलं, ‘‘दाराचंही लिहू का?’’

‘‘लिहू नकोस,’’ आई म्हणाली. ‘‘तुझं उघडं ठेव.’’