आकडे माझे, फोटो जावेचा

माझा स्वभाव मत्सरी नाही. मला फक्त माझ्या जावेचं काही चांगलं झालेलं बघवत नाही.

धाकटी जाऊ शिवलीला अक्कलकोटची. तिची भाकरी टम्म फुगते. तिच्या कुंडीतली कोथिंबीर सोलापूरच्या मे महिन्यातही तरारलेली असते. सासूबाईंना बीपीची गोळी तिच्याच हातून गिळता येते. (माझ्या हातून दिली की घशात अडकते!) हे सगळं मी सोसलं, कारण माझ्याकडे एक गोष्ट होती जी तिच्याकडे नव्हती. कॅमेरा! चांगला काळा, जड, गळ्यात घातला की मान दुखायला लागेल असा. पुण्याच्या लेकीने नवा घेतला आणि जुना मला दिला. मी दोन शिबिरं केली, कॅमेऱ्याची चकती ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवली आणि पुन्हा कधी मागे फिरवली नाही. आमच्या घराण्यात ‘ॲपर्चर’ हा शब्द तोंडातून काढणारी मी पहिलीच बाई.

एवढं ज्ञान एकट्या माणसाच्या पोटात मावत नाही. म्हणून मी दर रविवारी सकाळी आमच्या मागच्या अंगणात गल्लीतल्या बायकांसाठी फुकट वर्ग सुरू केला. शेजारच्या शमीमभाभी आल्या, आणखी तिघी-चौघी आल्या. माझा गळ्यातला कॅमेरा बघून त्या मला चक्क ‘मॅडम’ म्हणू लागल्या. आयुष्यात प्रथमच मला रविवार आवडायला लागला.

दुसऱ्या रविवारी शिवलीला पदराला हात पुसत आली. “अक्का, मी पण बसू का ओ?”

“बस की,” मी मोठ्या मनाने म्हणाले. “पण अवघड असतं हं. समजलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस.”

मी शिकवायला सुरुवात केली. ॲपर्चर म्हणजे खिडकी किती उघडायची. शटर स्पीड म्हणजे ती किती वेळ उघडी ठेवायची. आयएसओ म्हणजे तिखट. उजेड कमी पडला तर वाढवायचं, पण हात सैल सुटला तर फोटोवर दाणे दिसतात. इथवर माना डोलत होत्या. मग मी म्हणाले, “ॲपर्चरचा आकडा चार असेल तर खिडकी मोठी. आठ असेल तर लहान.”

माना थांबल्या. शमीमभाभी म्हणाल्या, “उलटं कसं ओ मॅडम? आठ तर मोठा की चारापेक्षा!”

हा प्रश्न मी शिबिरात विचारला होता. उत्तर मला समजलं नव्हतं. तरी मी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “ते तसंच असतं. पाठ करायचं.”

तेवढ्यात शिवलीला बोलली, “अय्य, सोप्पंय की! भाकरीचे चार तुकडे केले की चतकोर. आठ केले की नितकोर. आता चतकोर मोठी का नितकोर?”

“चतकोर!” सगळ्या एका सुरात ओरडल्या.

“मग झालं की. चार म्हणजे चतकोर खिडकी, आठ म्हणजे नितकोर खिडकी!”

“क्या बराबर बोली!” शमीमभाभींनी टाळीच दिली तिला. मला दोन शिबिरांत जे समजलं नाही ते मला त्या क्षणी समजलं, आणि समजल्याचा इतका राग मला पूर्वी कधी आला नव्हता.

त्यानंतर वर्गाचं तोंड हळूहळू तिच्याकडे वळलं. मी फळ्यावर आकृती काढायची आणि बायका तिच्या कानाशी लागायच्या. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मावळतीचा फोटो टाकला, त्याला एक अंगठा आला. तो माझ्या नवऱ्याचा. शिवलीलेने माझ्याच कॅमेऱ्यावर काढलेला शेंगाचटणीच्या वाटीचा फोटो टाकला. त्याला अंगठ्यांची रांग लागली आणि माझ्या नवऱ्याने तिथे बदाम पाठवला!

“चटणीला बदाम?” मी विचारलं.

“अगं, चटणी अगदी खरी दिसत होती,” हे म्हणाले. “हुशार आहे हं पोरगी.”

“शिकवलं कुणी?”

“तूच की.” मग फोटो पुन्हा बघत म्हणाले, “पण हुशार आहे.”

त्या रात्री मी यांना जेवताना चटणी वाढली नाही.

असं सगळं धुमसत असताना सासूबाईंनी बाँब टाकला. पलीकडच्या गल्लीतल्या त्यांच्या एका मैत्रिणीचं निधन झालं होतं. घरच्यांना एकही बरा फोटो सापडेना, म्हणून त्यांनी आधार कार्डावरचाच मोठा करून त्याला हार घातला. भेटून आलेल्या सासूबाई चप्पल काढायच्या आधी बोलल्या.

“चोरी करताना धरल्यागत दिसाय लागलीय बिचारी. मला न्हाय असलं चालायचं. माझा फोटो आत्ताच काढा. मी बगनार, मी पसंत करनार, आन् मगच भितीवर लावायचा.”

सासूबाई मूळच्या जेऊरच्या. तिथून सोलापूरला येऊन पन्नास वर्षं झाली तरी भाषेने गाडी पकडलेली नाही.

“मी काढते आई,” मी ताबडतोब म्हणाले.

“तू बी काढ, शिवलीला बी काढंल. ज्यो चांगला इल, त्यो लावू.”

म्हणजे सामना! आणि तोही माझ्या कॅमेऱ्यावर! भिंतीवर कायमचा लागणारा फोटो, येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारणार ‘कुणी काढला?’ आणि उत्तरात जावेचं नाव? माझं पोट तेव्हापासूनच दुखायला लागलं.

रविवार उजाडला. त्याच दिवशी नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे ते आलं की घरातलं असेल नसेल ते भांडं भरून ठेवायचं असतं. पातेली, बादल्या, आणि कपडे भिजवायचा मोठा निळा टब. हा टब मी स्वतः भरून अंगणात ठेवला. हे लक्षात असू द्या. माझ्या मात्र राहिलं नाही.

वर्गातल्या सगळ्याजणी हजर होत्या. पत्र्याच्या सावलीत खुर्ची, मागे दोरीवर सोलापुरी चादर, आणि खुर्चीत ठेवणीतलं इरकल नेसलेल्या सासूबाई. पहिला मान माझा. मी ॲपर्चर लावलं, फोटो काळा आला. शटर बदललं, सासूबाई पांढऱ्याफटक आल्या, नुसता पदर खुर्चीत बसल्यासारखा. आयएसओ बदलला. मग पुन्हा ॲपर्चर.

“हलू नका आई!”

“अगं, माशी बसलीय नाकावर.”

“बसू दे. फोकस नाकावरच आहे.”

ऊन पत्र्यावर चढलं, तसा सासूबाईंचा पाराही चढला. अखेर मला हवे तसे आकडे जुळले आणि मी बटण दाबलं. अप्रतिम फोटो! इरकलचा धागा न् धागा मोजून घ्यावा असा. सासूबाईंनी तो कॅमेऱ्यात बघितला आणि कॅमेरा लांब धरला.

“ही कोन? ही तर भांडायला बसलीय. ह्या फोटोखाली तेराव्याला कोन जेवंल?”

शमीमभाभी ओढणीत तोंड खुपसून हसल्या.

आता शिवलीलेची पाळी. मी कॅमेरा तिच्या हातात दिला, पण आतले सगळे आकडे आधीच लावून दिले. वारा सुटला होता, पदर उडत होता, म्हणून शटर स्पीड चांगला झटपट ठेवला. “आकड्यांना हात लावायचा नाही,” मी बजावलं. “तू फक्त बटण दाब.” (म्हणजे फोटो चांगला आला तर माझ्या आकड्यांमुळे आणि वाईट आला तर तिच्या बोटामुळे. अशी चोख व्यवस्था!)

तेवढ्याने माझं समाधान होईना. उजेडसुद्धा माझाच पाहिजे! मी स्वयंपाकघरातून मोठी परात आणली आणि बाहेर उन्हात उभी राहून तिचा कवडसा सासूबाईंच्या चेहऱ्यावर टाकू लागले.

“अगं डोळं फुटलं माझं!” सासूबाई ओरडल्या.

“थांबा, जरा मागे सरते,” मी म्हणाले आणि सरले. “आता बरं?”

“अजून जरा, अक्का,” कॅमेऱ्याला डोळा लावून शिवलीला म्हणाली.

मी अजून जरा सरले. मागून शमीमभाभींचा आवाज आला, “मॅडम, टब! टब!” पण वर्ग मी घेत होते. मला सूचना देणाऱ्या या कोण? मी बाणेदारपणे आणखी एक पाऊल मागे टाकलं.

परात आधी आभाळात गेली, मग फरशीवर आली. त्या आवाजाने गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मी टबात बसले होते. पडले नव्हते, बसलेच होते. गुडघे हनुवटीला, पाय आकाशाला, आणि टब माझ्या मापाने शिवून घेतल्यासारखा घट्ट. चार दिवसांचं धुण्याचं पाणी अंगणभर वाहत होतं.

पेलाभर पाणी सांडलं तरी घर डोक्यावर घेणाऱ्या सासूबाई हसल्या! साध्या हसल्या नाहीत. समोरचे दोन दात पडल्यापासून त्या तोंडाला पदर लावूनच हसायच्या. त्या दिवशी पदराची शुद्ध राहिली नाही. मान मागे टाकून, मांडीवर थाप मारत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या.

आणि खट्ट!

शिवलीलेने आधी बटण दाबलं, मग मला ओढायला धावली. (‘क्षण जाऊ द्यायचा नाही’, हेही तिला मीच शिकवलं होतं.) तिने आणि शमीमभाभींनी हात धरून मला उठवलं, तेव्हा टबही माझ्याबरोबर उठला.

“ह्योच!” फोटो बघून सासूबाई म्हणाल्या. “ह्योच लावायचा. जित्ती दिसतीय मी ह्याच्यात!”

आता तो फोटो दिवाणखान्यात आहे आणि सासूबाई रोज त्याच्याखाली बसून चहा पितात. आलेला प्रत्येक पाहुणा म्हणतो, “काय सुंदर हसलात हो! कुणी काढला?” सासूबाई म्हणतात, “धाकटीनं.” “आणि एवढं कशाला हसलात?” मग त्या नुसतं माझ्याकडे बोट दाखवतात. मी चहाचा ट्रे धरून सांगत राहते, “पण त्यातले आकडे माझे आहेत! आकडे माझे!” कुणी ऐकत नाही.

सासूबाईंना उदंड आयुष्य लाभो. पण कधीतरी त्या फोटोला हार घालायची वेळ येईल, मी खरोखर रडत त्यापुढे हात जोडीन, आणि सासूबाई वरून माझ्याकडे बघून खदाखदा हसत असतील. पडलेल्या दोन दातांची फटसुद्धा लख्ख दिसेल, इतकं स्पष्ट हसू! मला राहून राहून वाटतं, शटर स्पीड मी जरा कमी ठेवला असता, तर निदान ते हसू पुसट तरी आलं असतं!