बिब्ब्याच्या फुल्या

१९५३च्या जानेवारीत एका सोमवारी ठाण्याच्या नौपाड्यातल्या शाळेच्या सभागृहात माझ्या आणि माझ्या बहिणीच्या डाव्या हातात ट्यूबरक्युलिन टोचण्यात आलं. मोजमाप गुरुवारी झालं. बहिणीची सूज अठरा मिलिमीटर भरली. माझ्या नावापुढे आकडा लिहिला गेला नाही.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, ताई तेरा. आई जाऊन चार वर्षं होत आली होती. ती क्षयानं गेली. घरात आणि शेजारी तिला 'छातीचा आजार' होता असं सांगत. तिचं दुखणं कळलं तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. त्याच आठवड्यात मला डोंबिवलीला मावशीकडे पाठवलं. मावशीचं घर कोपरच्या बाजूला, भातखाचरांना लागून होतं. ताई सहा वर्षांची होती, आईला पाणी द्यायला हाताशी पडत होती. ती ठाण्यातच राहिली.

रविवारी मावशी मला घेऊन यायची. मी अंगणात उभा राहायचो आणि आई खिडकीत बसायची. ती विचारायची, "जेवलास का?" मी मान हलवायचो. पायरी चढायला मला मनाई होती. आई गेल्यावर मी ठाण्याला परत आलो, तेव्हा तिची खोली धुऊन, चुना देऊन झाली होती.

ताईकडे तीन वर्षांच्या आठवणी होत्या. अण्णा, म्हणजे आमचे वडील, कचेरीत गेले की ती आईच्या अंथरुणात शिरायची. आई तिला ढकलायची, मग ढकलायची थांबायची. आईच्या लुगड्याला निलगिरीच्या तेलाचा वास यायचा, हे मला ताईकडूनच कळलं. भांडण झालं की ती आईचं काही तरी सांगायची आणि भांडण तिथेच संपायचं.

सोमवारी टोचण्याआधी क्षयाची लस द्यायला आलेल्या पथकातल्या डॉक्टरांनी सगळ्यांना माहिती दिली. हातावर कडक सूज आली, तर त्या मुलाच्या शरीराची क्षयाच्या जंतूंशी आधीच गाठ पडली आहे असं समजायचं. त्याला लस नको. काहीच आलं नाही, तर गाठ पडलेली नाही, त्याला लस द्यायची. पुढच्या रांगेतल्या एका मुलानं विचारलं, "शरीराला लक्षात राहतं?" डॉक्टर म्हणाले, "तुझ्यापेक्षा चांगलं." सगळे हसले.

मी हिशेब केला. जंतूंशी माझी गाठ पडली असेल, तर ती एकाच माणसामुळे. सूज आली, तर आईनं मला कधी तरी जवळ घेतलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी ताईचा हात लाल झाला. मधे बोटभर जागा टणक लागत होती. माझ्या हातावर सुईचा ठिपकाही शोधावा लागत होता.

"बघ," ताई म्हणाली. "आईची आहे ही."

"मलाही येईल."

"तुला कुठून येणार रे? तू रविवारचा पाहुणा."

अण्णा अजून घरी आले नव्हते. ताई विहिरीवर गेली. स्वयंपाकघरात आईचा पत्र्याचा डबा होता. त्यात सुंठ, वेखंड, हळकुंडं आणि चार-पाच बिब्बे असत. बिब्बा अंगाला लागला की उततो, म्हणजे फोड येतात, एवढं मला माहीत होतं. मी एक बिब्बा सुईला टोचला आणि समईच्या ज्योतीवर धरला. तेल सुटलं, ते ठिपक्यावर लावलं. ताई परत आली तेव्हा मी समईसमोर बसून शुभंकरोति म्हणत होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि घागर खाली ठेवली.

बुधवारी दुपारपर्यंत हात खाजायला लागला. गुरुवारी सकाळी तिथे रुपयाएवढी लाली होती आणि तिच्यावर पाण्यानं भरलेले फोड. ताईच्या सुजेपेक्षा मोठी होती. मी शाळेत जाताना बाही दुमडून घेतली.

मोजमाप एक नर्स करत होत्या. त्या खाडीकडच्या ख्रिस्ती घरातल्या होत्या. डोळ्यांनी पाहण्याआधी त्या बोट फिरवत, सुजेची कड लागली की सेल्युलॉइडची पारदर्शक पट्टी ठेवत. ताईचा हात त्यांनी दोनदा मोजला.

"अठरा," त्या लिहिणाऱ्याला म्हणाल्या. मग ताईला विचारलं, "घरात कुणाला होता गं?"

घरात जो शब्द कधी उच्चारला जात नव्हता, तो ताईनं शाळेत सगळ्यांसमोर उच्चारला. "आईला. टीबी. ती गेली." मग म्हणाली, "म्हणजे मलाही झाला?"

तिचा चेहरा पांढरा पडला होता, ते मी पाहिलं. त्या वेळी माझं लक्ष अठरा या आकड्यावर होतं.

डॉक्टर उठून आले. "झाला असं नाही. जंतू आत गेले, तुझ्या पेशींनी त्यांना वेढा घालून कोंडून ठेवलं असणार. आता त्याच जंतूंचा अर्क टोचला, तर त्या पेशींनी तो ओळखला आणि हातात गर्दी केली. म्हणून हात कडक झाला. छातीचा फोटो काढू, म्हणजे खात्री होईल."

मग माझी पाळी आली. नर्सनी माझ्या हातावर बोट फिरवलं नाही. नुसता वास घेतला.

"काय रे, धोब्याकडे गेला होतास? कपड्यावर बिब्ब्यानं करतो तशी खूण करून दिली त्यानं?"

मागची मुलं हसली. ताई म्हणाली, "तरीच परवा एवढा देवभोळा झाला होतास!"

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांना फोडांत रस दिसला.

"कधी लावलास?"

"परवा संध्याकाळी. काल दुपारी खाज सुटली."

"आणि काल दुपारी उठलं? मग हा तुझा पहिला बिब्बा नव्हे. पहिल्या खेपेला शरीराला ओळख करून घ्यायला आठ-दहा दिवस लागतात. दुसऱ्या खेपेला ते एक-दोन दिवसांतच उठतं. तुझ्या बहिणीच्या हाताचं आहे तसंच हे, त्याच जातीचं. आधी तुला बिब्बा कुणी लावला होता?"

मी माहीत नाही म्हणालो. त्यांनी आंब्याचा चीक कधी लागला होता का, तेही विचारलं. तो याच कुळातला. तेही मला आठवत नव्हतं.

त्यांनी माझ्या उजव्या हातावर पुन्हा टोचलं. ठरल्या दिवशी तिथे काहीच नव्हतं. नर्सनी बोट दोनदा फिरवून 'शून्य' म्हटलं. मी मावशीकडे राहत होतो हे ताईनं सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आईनं तुला लांब ठेवलं होतं ना? तिला ते साधलं म्हणायचं." मला लस दिली. ताईच्या छातीचा फोटो पुढच्या आठवड्यात निघाला. त्यात दोष नव्हता. घरी येताना ती वाटेत थांबून रडली आणि म्हणाली, "एवढी सूज हवी होती तर घ्यायची होतीस माझी. मी दिली असती."

त्यानंतरच्या रविवारी डॉक्टरांचा बिब्ब्याचा प्रश्न घेऊन मी डोंबिवलीला गेलो. मावशी तांदूळ निवडत होती. मी शर्ट वर करून तिला पोटावरचे काळपट डाग दाखवले. ते जन्मखुणा आहेत असं मी समजत होतो.

"जन्मखुणा कसल्या! बिब्ब्याच्या फुल्या त्या," ती म्हणाली. "पाच महिन्यांचा होतास. पोट फुगलेलं, रडून घर डोक्यावर घेतलंस. मी म्हटलं, दे इकडे, पोटावर बिब्बा मी घालते. तर तुझी आई म्हणाली, माझ्या पोराला मीच घालीन."

"उतला होता?"

"लगेच नाही. आठ-दहा दिवसांनी उतला, चांगलाच. तू खाजवशील म्हणून तिनं तुला मांडीवरून खाली ठेवलं नाही. दोन्ही हात धरून बसायची. मी भरवायची तिला, अगदी घासन् घास. हात मोकळे होते कुठे तिचे?"

"किती दिवस?"

"आठवडाभर तरी."

"आणि ताईला घातल्या होत्या?"

"तिचं पोट कधी दुखलंच नाही रे."

संध्याकाळी ठाण्याला आल्यावर मी ताईला हे सगळं सांगितलं. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "दाखव."

मी दाखवल्या. तिनं दिवा जवळ आणला आणि बोट ठेवून मोजल्या. तीन होत्या, दोन बेंबीच्या डावीकडे, एक उजवीकडे.