शेरे लिहायचे की बोलायचे?

कॉलेजात शिकवणाऱ्या मित्रांनो, आपले शेरे मुलं वाचत नाहीत, ही आपली सगळ्यांची तक्रार.

माझ्या वर्गात पापनाशम गावाहून येणाऱ्या सेल्वीला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे लिहिलेलं वाचणं तिला जड जातं. आज तिने तिसऱ्यांदा त्याच चुका असलेला निबंध दिला. मी चिडलो. "पानभर शेरे लिहिले होते, ते काय पूजेला ठेवलेस?"

"सार, तुमचं अक्षर माझ्या मैत्रिणींनाही लागत नाही. शेरे फोनमध्ये बोलून द्याल?"

दिले. तासाभरात तिने निबंध सुधारून आणला.

पण परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला मी नसेन, आणि ती नापास झाली तर घरचे तिचं शिक्षण थांबवणार. समान संधीवर भाषणं ठोकणारा मी, आज गोंधळलोय. मी तिला मदत केली की नुसती ऐकण्यावर विसंबायची सवय लावली?

उद्या तुम्हीही एका विद्यार्थ्याला शेरे बोलून द्या आणि काय झालं ते इथे लिहा.