थर्मलचा गडी

डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून जे सांगितलं, ते मी दादाला सांगितलं नव्हतं. गाठ पुन्हा आली होती. आता ऑपरेशन नाही, किरणांचा शेक नाही. घरी न्या, हवं ते खाऊ द्या, म्हणाले. अर्धी जीभ काढलेल्या माणसाने हवं ते कसं खायचं, हे मी विचारलं नाही.

दादा माझा थोरला भाऊ. जन्मभर शेरडं राखली आणि गुटखा खाल्ला. मी बी.ए. झालो, आमच्या घराण्यात पहिला, आणि हे मी कुणालाही सांगतो. माझ्या वाटची शेरडं दादाने राखली म्हणून झालो, हेही सांगतो.

दवाखान्यातून बीडच्या स्टँडकडे निघालो, तर वाटेत टॉकीजवर पोस्टर. अंगात वीज असलेला तोच हिरो. नट नवा, पिक्चर नवा. दादाने माझं मनगट धरलं.

आमच्या लहानपणी युसूफ वडगाव या आमच्या बाजारगावी बाजारादिवशी एका खोलीत याचे जुने पिक्चर दाखवायचे. सीडी इंग्रजी. दादा टीव्हीशेजारी उभा राहून मराठीत सांगायचा. इंग्रजीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं.

"ह्यो गडी परळीच्या थर्मलला कामाला हाय. तारेला चिकटला, पर मेला न्हाई. आता सायब म्हनतो, तुला कायम करत न्हाई."

"हं," लोक म्हणायचे. हुंकार थांबला की दादा थांबायचा. "झोपले का बे समदे? मग कावून सांगू?"

कॉलेजात गेल्यावर मी तोच पिक्चर समजून पाहिला. दादाचा जास्त चांगला होता.

नवा पिक्चर हिंदीत होता, सांगणारा कुणी लागत नव्हता. हिरोची वीज सुरुवातीलाच जाते. मग तो खुर्चीत बसून बापाबद्दल बोलतो, पावसात उभा राहतो, पुन्हा खुर्चीत येऊन बसतो. पडद्यावर अंधार इतका, की कोण कुणाला मारतंय ते कळेना.

"लाईट कधी येनार बे याची?" मागून एकजण म्हणाला.

"लोडशेडिंग हाय. रातच्याला यील," दुसरा म्हणाला.

लोक हसले. दादा हसला नाही. शेवटी शत्रू हिरोला धरणाच्या भिंतीवरून ढकलतो, आणि तो पडत असतानाच पडदा काळा होतो. बाकीचं पुढच्या भागात, दोन वर्षांनी. झाडणारा आत आला तरी दादा खुर्चीतच होता.

बसमध्ये त्याने मला कोपराने ढोसलं. बोटाने वरून खाली पडल्याची खूण केली, मग हात उलटा केला. पुढं काय?

"पुढं काय, पान्यात पडल्यावर त्याची वीज परत येती. वर येतो अन् समद्यांना लोळवतो." मी त्याच्यासारखं सांगायला गेलो.

दादाने तोंडावरचा रुमाल खाली घेतला. "खोटं," म्हणाला. ते "ओटं" असं आलं. मग माझ्या छातीवर बोट टेकवलं आणि दवाखान्याच्या दिशेने मान उडवली.

मी तोंडावर बोलणारा माणूस. सकाळपासून एवढंच जमलं नव्हतं.

"गाठ परत आली, दादा. डॉक्टर म्हनले, आता इलाज न्हाई."

तो खिडकीकडे वळला. मांजरसुंब्याचा घाट मागे पडला.

मग दादा माझ्याकडे फिरला. एक हात भिंतीसारखा उभा धरला, दुसरा त्यावरून खाली सोडला आणि बोलायला लागला. पिक्चरचा शेवट सांगत होता. शब्द लाळेत बुडत होते. मला "थर्मल" कळलं, एकदा "सायब" कळलं. बाकी काही नाही. पुढच्या सीटवरची बाई वळून बघून पदर नाकाला लावून बसली. दादाचे दोन्ही हात चालू होते, पूर्वी टीव्हीशेजारी चालायचे तसे.

मध्येच तो थांबला. मला वाटलं, संपलं. पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"हं," मी म्हणालो.

तो पुढं सांगू लागला.