माशांसाठी नेलेला डबा

आमचे हे दर शनिवारी सकाळी जयेंद्रगंजातून चालत तळ्यावर जायचे, माशांना कणकेच्या गोळ्या घालायला. गोळ्या टाकता टाकता माशांशी मराठीत गप्पाही मारायचे. म्हणायचे, "अख्ख्या ग्वाल्हेरात हेच एक माझं ऐकून घेतात, आणि उलट हिंदीत उत्तर देत नाहीत." घरात त्यांचा नियमच होता, हिंदी चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायची. मुलगा हिंदीत काही बोलला की ह्यांना ऐकूच यायचं नाही.

ते गेल्यापासून घरात मराठी बोलायला कोणी उरलेलं नाही. मुलगा नोकरीसाठी दिल्लीला असतो. रोज रात्री जेवणाच्या वेळी फोन करतो, तो हिंदीत आणि मी मराठीत. "मराठीत बोल," मी रोज सांगते. "हाँ आई," तो रोज म्हणतो. मी तर कधीकधी कुकरशी बोलते. हसू नका, खरंच बोलते.

म्हणूनच ज्येष्ठांच्या सहलीच्या यादीत कोकण दिसलं तेव्हा मी लगेच नाव दिलं. बरोबरची बाकी मंडळी हिंदीभाषी, त्यांना समुद्र बघायचा होता. मला आठ दिवस पोटभर मराठी बोलायचं होतं.

तिसऱ्या दिवशी मंडळी काजू घ्यायला गेली आणि मी एकटीच किनाऱ्यावरच्या मत्स्यालयात शिरले. दोन खोल्यांचंच ते, भिंतींना ओल आलेली. पर्समध्ये स्टीलचा छोटा डबा होता. सकाळी हॉटेलच्या स्वयंपाकघरातून मूठभर कणीक मागून गोळ्या वळून घेतल्या होत्या. मासे म्हटले की गोळ्या, ही आम्हा तळ्याकाठच्या लोकांची अक्कल.

एका टाकीत खडकाच्या फटीतून तोंड काढून एक सापासारखी लांबट वाम बसली होती. सारखं तोंड उघडायची आणि मिटायची. मला वाटलं, भुकेली आहे.

"भैया," मी तिथल्या माणसाला विचारलं, "हिला आट्याच्या गोळ्या देऊ शकते का मी?"

"नहीं माताजी, समुंदर की है, आटा नहीं खाती," तो म्हणाला.

माझा पारा चढला. "मराठीत सांगा की! मी मराठीच आहे."

त्यानं चमकून पाहिलं. बिचारा चांगला माणूस होता. ती वाम मासे खाते आणि तोंड उघडमीट करते ते श्वास घ्यायला, हे त्यानं मराठीत नीट समजावून सांगितलं. मग विचारलं, "कुठनं आलात?"

"ग्वाल्हेरहून."

"अरे वा! मग छानच शिकलात हो मराठी."

कौतुकानं म्हणाला तो. दोनशे वर्षं आम्ही जिवापाड सांभाळलेली भाषा, आणि शिकलात म्हणे! भांडायला हवं होतं, एरवी भांडलेही असते. पण मी नुसतं "हो" म्हणाले. त्या वामेसमोरच्या बाकावर किती वेळ बसले, कोण जाणे. इतकं एकटं मला ह्यांच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं. ती तोंड उघडत होती, मिटत होती, आणि मलाही काही बोलावंसं वाटत नव्हतं.

डबा तसाच परत आणला.

त्या रात्री नेहमीप्रमाणे मुलाचा फोन आला. "आई, खाना खाया?"

"खा लिया, बेटा," मी म्हणाले.

 

"आई," तो म्हणाला, अडखळत, शब्द शोधत, "काय झालं? तू... तू बरी आहेस ना? मी येऊ का तिकडे?"

इतक्या वर्षांनी तो मराठीत बोलत होता, आणि मला तोंड उघडून एक शब्द काढता येईना.